वरचं फाटक

आर्डिसला सुट्टीवर जायचं होतं ते घोड्यावर बसायला, आणि मला जायचं होतं ते तिला घोड्यावर बसलेलं बघायला. त्यामुळे भांडायला जागाच नव्हती. फेब्रुवारीत, बाहेर गुडघाभर बर्फ असताना, आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर वायोमिंगचा नकाशा पसरला तो मेपर्यंत उचललाच नाही. ताटल्या त्याच्यावरच मांडायचो. एका कोपऱ्यात राजम्याच्या कालवणाचा डाग पडला, तर आर्डिसने तिथे तळं आहे असं जाहीर करून टाकलं.

मी जन्मभर नेब्रास्कातल्या आमच्या गावी धान्याच्या कोठारावर वजनकाटा सांभाळला. ट्रक भरून येतो, रिकामा होऊन जातो. मधला फरक तेवढा खरा, बाकी कुणी काही सांगो. आर्डिस मात्र रँचवरची. वाळूच्या टेकड्यांत तिच्या वडिलांची गुरं होती, आणि पोरगी चालायच्या आधी घोड्यावर बसली असं तिची आई सांगायची. लग्न करून ती माझ्यामागे गावात आली आणि घोडा राहून गेला. घर, मुलं, नोकरी यांत बरंच काही राहून जातं.

गेल्या हिवाळ्यात तिच्या हृदयाची झडप बदलली. शुद्धीवर आल्यावर ती पहिलं वाक्य बोलली ते असं, "ऑर्व्ह, मला पुन्हा एकदा घोड्यावर बसायचंय." मी हो म्हणालो. तिने हत्ती मागितला असता तरी हो म्हणालो असतो. डॉक्टर म्हणाले, जूनमध्ये तपासतो, मग बघू. सगळं त्या तपासणीवर अडलं होतं. तीत काही वाईट निघालं तर काय, हा विषय आम्ही दोघंही काढत नव्हतो.

डोंगराच्या पायथ्याशी पाहुणे ठेवणारी एक रँच मिळाली. मालकीण डेल्मा प्रुइट, नवरा गेल्यापासून एकटीच सगळं बघणारी. अशा ठिकाणी पाहुणा पोचायच्या आधीच त्याचा घोडा ठरतो, म्हणून तिने फोनच्या स्पीकरवर आम्हा दोघांची उलटतपासणी घेतली.

"बाईंची उंची? वजन? खरं सांगा हं, नवऱ्याला खोटं चालतं, घोडीला नाही."

आर्डिसने स्वयंपाकघरातून ओरडून खरं सांगितलं.

"मग तुम्हाला माझी डचेस. पिवळट अंग, काळी आयाळ, स्वभावाने माझ्याहून बरी. आणि साहेबांचं वजन?"

"मी बसणार नाही," मी म्हणालो. "मी ओसरीवर कॉफी पिणार."

"सगळे नवरे हेच म्हणतात. सांगून ठेवा, एक तांबडा तगडा घोडा आहे माझ्याकडे."

मी सांगितलं. वजनाच्या बाबतीत मला खोटं बोलता येत नाही.

"आणि फाटकांचा नियम माहीत आहे ना?"

यावर आर्डिस इतकी हसली की तिला खुर्चीचा आधार घ्यावा लागला. लग्नाआधी मी पहिल्यांदा तिच्या घरी गेलो तेव्हा कुरणातलं एक फाटक उघडं दिसलं. मी गावचा माणूस, नीटनेटका, लावून टाकलं. गुरं एका बाजूला, पाण्याची टाकी दुसऱ्या बाजूला. संध्याकाळी गुरांनी हंबरून रान डोक्यावर घेतलं. तिचे वडील म्हणाले, "पोरी, मुलगा भला आहे, पण ह्याला फाटकाजवळ सोडू नकोस." मरेपर्यंत दर नाताळाला ते मला विचारायचे, "फाटक जसं होतं तसंच ठेवून आलास ना रे?" नियम साधा आहे. बंद सापडलं तर बंद ठेवायचं, उघडं सापडलं तर उघडं. बरोबर माणसं असतील तर पुढचा उघडतो आणि सगळ्यांत मागचा लावून घेतो. तेव्हापासून मी कानाला खडा लावला.

मार्चमध्ये आर्डिसने दोघांसाठी घोडेस्वारीचे बूट मागवले.

"ओसरीवर कॉफी प्यायला बूट लागतात?" मी विचारलं.

"वायोमिंगमध्ये लागतात. ठेव गप."

मागच्या दाराशी दोन्ही जोड शेजारी शेजारी ठेवले. येताजाता ती त्यांच्याकडे बघून घ्यायची.

डॉक्टरांनी दुपारची झोप सक्तीची केली होती. बैठकीतल्या कोचावर, गळ्याला हिरवा रुमाल गुंडाळून ती झोपायची, कारण ऑपरेशननंतर तिला गळ्याशी गार लागायचं. मी समोरच्या खुर्चीत पेपर घेऊन बसायचो. पेपर निमित्ताला, मी तो रुमाल श्वासाबरोबर वरखाली होताना बघत असायचो.

एका दुपारी उठली तर तिच्या गालांवर रंग होता. वारा खाऊन आल्यावर असतो तसा.

"कुठे जाऊन आलीस?" मी गंमत केली.

"वर. ओढा ओलांडून, फाटकापर्यंत," ती म्हणाली. जसं काही वाण्याकडे जाऊन आली होती. मग तिने कॉफी मागितली.

दोन-चार दिवसांनी रुमालाला घोड्याच्या घामाचा वास यायला लागला. मी दोष कोचाला दिला आणि कोच उन्हात काढला. मग तिच्या बुटांच्या तळव्यांना माती दिसली. लाल माती. आमच्याकडची जमीन कॉफीच्या चोथ्यासारखी काळी आहे. बूट आले त्या गोदामातलीच असेल, असं ठरवून मी ती खरवडून काढली. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर बघितलं तर पुन्हा होती.

डेल्माचा फोन आला, जेवणात काय चालतं, काय नाही ते विचारायला. बोलता बोलता म्हणाली, "तुमच्या बाईंच्या डचेसला काय झालंय कळत नाही. रोज दुपारी कुरणातून येते ती पाठ भिजवून. बरोब्बर खोगिराच्या आकाराचा घाम. आणि इथे खोगीर चढवायला माझ्याशिवाय काळं कुत्रं नाही."

"शेजारचं कुणी?"

"कसला शेजार! माझ्या शेजाऱ्याला साखर मागायला निघाले तर पोचेपर्यंत चहा गार होईल."

एप्रिलमध्ये पुन्हा फोन. यावेळी तिचा आवाज जरा दबलेला होता. "काल दिसली हो. एक बाई, लांबून. गळ्यात हिरवा रुमाल. मला हात केला तिने! ओरडणार होते, पण ती वरच्या फाटकाशी आली, बसल्या बसल्या कडी काढली, पार झाली, आणि घोडी वळवून फाटक लावून घेतलं. इतकं नीट फाटक लावणाऱ्या बाईला चोर कशी म्हणू?"

कोचावर आर्डिस झोपली होती. रुमाल वरखाली होत होता.

मी हळूच फोन ठेवला. मी घाबरलो होतो. आणि खरं सांगायचं तर मी खूशही होतो, कारण लग्नाआधीची ती मुलगी मला पुन्हा दिसायला लागली होती. ती गुणगुणायची, दोनदा वाढून घ्यायची. न्हाणीघरातल्या काट्यावर तिचं वजन वाढत होतं, आणि काट्यावर माझा विश्वास आहे.

एकदा मी विचारलंच, "त्या फाटकापलीकडे काय आहे गं?"

"गवत. खूप गवत, आणि वर चढत जाणारी वाट." ती माझ्या हातावर थोपटत म्हणाली, "फार लांब गेले नाही अजून. परत यावं लागतं ना. तू इथे बसलेला असतोस."

"मीही येतो की मग."

"तू? घोडा शिंकला तरी पळशील!"

मे महिन्यात दाराशी लायलॅकचं जांभळं झुडूप फुललं होतं त्या दिवशी मी तिच्या आवडीचं केलं, तिखट कालवण आणि दालचिनीचे गोड रोल. जेवण झाल्यावर तिने टेबलावरचा नकाशा पुसला आणि नीट घडी घातली.

"अगं, राहू दे. जूनपर्यंत लागेल."

"वाट पाठ झालीय आता," ती म्हणाली. माझ्या कपाळावर ओठ टेकले आणि झोपायला गेली.

मी पेपर उघडला. खिडकीतून ऊन तिच्या पायांवर आलं होतं. माझाही डोळा लागला असावा.

फोनने जाग आली. डेल्मा होती.

"वाईट वाटतं सांगायला, पण तुमच्या बाईंना दुसरी घोडी द्यावी लागेल. डचेस परत आलीच नाही आज. ती बाई घेऊन गेली. फाटकाशी बराच वेळ थांबली, मागे वळून वळून बघत होती. आणि गंमत म्हणजे गेली ती फाटक उघडं टाकून. असं कधी करत नाही हो ती!"

मी कोचाकडे बघितलं.

आर्डिसचा चेहरा हसरा होता. रुमाल हलत नव्हता.

"मला वाटलं, मागून कुणी येतंय," डेल्मा सांगत होती. "वाट बघितली, कुणी नाही. आता जाऊन लावून येते."

"लावू नका," मी म्हणालो.

"अहो, पण गुरं..."

"गुरं खाली हलवा. उघडं सापडलं तर उघडं ठेवायचं."

"तुम्ही तर गावचे ना? हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"बायकोने," मी म्हणालो, आणि मग मला रडू आलं.

दफनाच्या दिवशी तिचे बूट मीच तिच्या पायांत घातले. मुलांना ते विचित्र वाटलं, पण कुणी अडवलं नाही.

आता उन्हाळा सरत आलाय. गावातल्या बायका माझ्यासाठी भांडी भरभरून जेवण आणतात आणि माझ्याकडे कीव आल्यासारखं बघतात. त्यांना कसं सांगू, मी तसा सुखात आहे. दुपारी कोचावर मीच आडवा होतो. झोप छान लागते.

डेल्मा अधूनमधून फोन करते. गुरं खालच्या कुरणातच आहेत, फाटक उघडंच आहे. मी दर वेळी विचारून घेतो. परवा म्हणाली, "आता तो तांबडा घोडा घामेजून यायला लागलाय. पण खोगिराचा डाग पार एका बाजूला कललेला. जो कुणी बसतोय तो अगदीच नवशिका आहे, बाई!" आम्ही दोघंही हसलो.

आज दुपारी उठलो आणि मागच्या दाराशी गेलो. तिथे आता माझाच एक जोड असतो, मी एकदाही पायात न घातलेला. तळव्यांना लाल माती लागली होती, ओली.

मी बुटात हात घालून बघितला. आतून तो अजून ऊबदार होता.