घरापासून लपवायचं नाही

नॉर्वेतल्या बर्गनमध्ये छत्रीच्या भानगडीत कुणी फारसं पडत नाही. वारा ती हातात राहूच देत नाही. त्या दिवशी माझ्या हातात छत्रीहून मोठं संकट होतं – सुताराकडून आणलेली लाकडी पाटी. बंदराच्या वळणावर वारा तिच्यावर शिडासारखा आदळला आणि मी पाटीसकट पाण्याच्या दिशेने निघाले. तेवढ्यात कुणीतरी पाटीचं दुसरं टोक पकडलं.

"सोडू नका," पलीकडून आवाज आला. "मी धरलंय."

मला दिसत होते फक्त त्याचे बूट आणि पाटीच्या वर ओले, तांबूस केस. अक्षरं त्याच्या बाजूला होती. चालता चालता तो मोठ्याने वाचू लागला. 'घर आधी, आम्ही नंतर.' 'खरं सांगू, जड गेलं तरी.' 'घरापासून लपवावं लागेल असं काही करणार नाही.' इथे तो थबकला.

"आणि वाढदिवसाचा केक लपवायचा असेल तर?"

"केक चालतो," मी म्हणाले.

"मग तसं लिहा ना. लोक उगीच घाबरतील."

मी हसले, तशी पाटी हलली. पाटी हलली, तसा तोही हसला. पाऊस बारीक झाला होता… की मला तसं वाटलं?

पाटी आमच्या होडीघराची होती. अडचणीत सापडलेल्या मुलांना आणि त्यांच्या घरच्यांना हात देणारं आमचं लहानसं केंद्र. जागा जुन्या होडीघराची, म्हणून नावही तेच. पाटीवरचं 'घर' म्हणजे आम्ही ज्यांच्याकडे जातो ते कुटुंब; त्या ओळी आम्ही उन्हाळाभर वाद घालून ठरवल्या होत्या. तिसरी माझी.

दाराशी मी त्याचे आभार मानले, पण तो हलेना. इतका वेळ चेष्टा करणारा चेहरा एकाएकी परीक्षेला बसलेल्या मुलासारखा झाला. मलाही इथेच यायचंय, तो म्हणाला, बहिणीसाठी. तूवा नावाच्या कुणाला तरी भेटायचंय.

तूवा मीच.

त्याचं नाव हाल्वर. वसंतात आई गेली, तेव्हा जहाजावरची नोकरी सोडून तो घरी परतला होता, पंधरा वर्षांच्या ईडुनसाठी. ईडुन शाळेत जात नव्हती, भावाशी बोलत नव्हती. आणि हाल्वरला वादळात जहाज सांभाळता येत होतं, पण बहिणीच्या बंद दाराबाहेर उभं राहून काय बोलावं ते कळत नव्हतं.

मी दर आठवड्याला त्यांच्या घरी जाऊ लागले. आधी ईडुन दाराआडूनच बोलायची. मग दार किलकिलं झालं. मग एकदा ती स्वयंपाकघरात येऊन बसली आणि हाल्वरने केलेल्या वॉफलवर तपकिरी चीज घालून गुपचूप खाऊ लागली. आईबद्दल पहिल्यांदा बोलली तीही त्याच टेबलापाशी. हाल्वर भांडी घासत पाठमोरा उभा होता. त्याचे हात पाण्यातच थांबले होते…

आणि मी? मी तिचं ऐकत होते, मनापासून ऐकत होते. पण माझे ओले हातमोजे तो न विचारता शेगडीजवळ वाळत टाकतो, हेही मला दिसत होतं. निघताना ते उबदार हातमोजे घालताना मला काय व्हायचं, ते मी स्वतःलाही सांगत नव्हते.

डोंगरउतारावरच्या त्या घरातून खाली यायला लांबलचक पायऱ्या होत्या. एका दुपारी धुकं इतकं दाटलं की खालचं बंदर पुसलंच गेलं. पायऱ्या निसरड्या आहेत म्हणून हाल्वर सोबत आला. अर्ध्यावर आल्यावर म्हणाला, "तू येणार असतेस त्या दिवशी घर वेगळंच वाटतं."

तू. आजवर 'तुम्ही' होतं. त्याच्याही ते लक्षात आलं. पण त्याने शब्द परत घेतला नाही आणि मीही अडवला नाही. धुक्यात आम्ही दोघं नुसतेच उभे राहिलो – बोटं बोटांना लागतील इतके जवळ…

मीच आधी खाली उतरले.

दुसऱ्या सकाळी मी आमच्या प्रमुख गुन्वोर यांच्यापुढे जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. काही घडलेलं नाही, पण घडावं असं वाटतंय, हेसुद्धा. त्या रागावल्या नाहीत. कॉफी ओतत म्हणाल्या की हे घर आता दुसऱ्या कुणाकडे द्यावं लागेल, होडीघराचं काम तिथे चालू आहे तोवर भेटीगाठी नाहीत. आणि ईडुनला हे मीच सांगायचं.

हाल्वरशी बोलणं सोपं गेलं. तो म्हणाला, मी वाट पाहीन. ईडुनशी बोलणं नाही.

ती खिडकीकडे बघतच म्हणाली, "म्हणजे तू त्याच्यासाठी येत होतीस."

"तुझ्यासाठीच येत होते. म्हणूनच आता थांबतेय."

"छान. सगळेच मला सोडून जातात आणि वर म्हणतात, तुझ्यासाठीच."

ती आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. इतक्या महिन्यांनी उघडलेलं ते दार मीच बंद केलं होतं.

तो हिवाळा मला नीट आठवत नाही. नुसता राखाडी रंग आठवतो. ईडुनकडे आता माझी सहकारी जात होती. मी तिला काही विचारत नव्हते, ती काही सांगत नव्हती. एकदा ट्रॅममधून हाल्वर दिसला, फुटपाथवर, खांद्यावर बर्फ. त्याने हात अर्धाच उचलला. ट्रॅम पुढे गेली.

मग मे उजाडला आणि सतरा तारखेची, संविधान दिनाची मिरवणूक आली. सगळं गाव नटून रस्त्यावर, पोरांच्या हातात झेंडे, आणि नवल म्हणजे ऊन. शाळांची बँडपथकं जात होती. एका पथकात, ट्रम्पेट ओठांना लावून, गाल फुगवून – ईडुन. माझे डोळे भरून आले. तिने मला पाहिलं की नाही, कळलं नाही.

पाहिलं होतं. मिरवणूक संपल्यावर ती गर्दीतून वाट काढत आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. उंच झाली होती.

"होडीघराचं काम मागच्या महिन्यात संपलं आमचं," ती म्हणाली.

"मला माहीत नव्हतं."

"तेच तर. तुला कुणी सांगितलं नाही, तू विचारलं नाहीस. मी खूप दिवस चिडले होते. मग वाटलं, माझ्याशी खोटं वागणं किती सोपं होतं तुला… तरी वागली नाहीस." तिने ट्रम्पेट एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. "तो तिकडे आईस्क्रीमच्या गाडीपाशी उभा आहे. म्हणाला, ईडुन हो म्हणाली तरच पुढे जाईन. मी हो म्हटलंय. आता तुमचं तुम्ही बघा. मला मैत्रिणी बोलावतायत."

ती गेलीसुद्धा.

हाल्वर जवळ आला. बाहीशी चाळा करत उभा राहिला.

"तुला माझं सगळं माहीत आहे," तो म्हणाला. "मी कधी रडलो तेही. मला मात्र तुझं काहीच ठाऊक नाही. इतके दिवस तू फक्त विचारत होतीस."

"मग विचार ना."

"तुला सगळ्यात जास्त कशाचा कंटाळा येतो?"

आजूबाजूला झेंडे फडफडत होते. कुणाचं तरी पोर आईस्क्रीमसाठी हट्ट करत होतं.

"थांबण्याचा," मी म्हणाले, आणि त्याचा हात हातात घेतला. भर रस्त्यात, सगळ्यांसमोर.