दुसरी डिस्क

"स्पीकर खोड," गुलनार आपा म्हणाली, आणि रागिणीनं कम्प्युटरच्या यादीतले स्पीकर पेन्सिलीनं खोडले.

मोईजनं कपाळाला हात लावला. आधी लाल-निळे दिवे लागणारं कॅबिनेट गेलं होतं, मग चपटा मॉनिटर गेला होता, आणि आता स्पीकर. "आपा, यापेक्षा बाजारातून लोखंडी पेटी आण ना. तीबी मुकीच राहते."

"तुले गाणे आयकाचे हायेत, मले काम कराचं हाये," आपा म्हणाली. "पुढचं वाच व, रागिणी."

मे महिना होता. रागिणी अमरावतीहून सुट्टीसाठी बाळापूरला बेबीमावशीकडे आली होती. मावशीच्या भिंतीला भिंत लावून आरजूचं घर, त्यामुळे रागिणीचा मुक्काम मावशीकडे फक्त झोपण्यापुरता असे. दोघी बारा वर्षांच्या. गुलनार ही आरजूची थोरली बहीण. मोईज हा त्यांच्या रहीम चाचांचा मुलगा, वय तेरा, आणि ते एक वर्ष जास्त असल्याचं तो कुणाला विसरू देत नसे.

आपा लग्नांचं शूटिंग करायची, पण फक्त बायकांच्या बाजूचं. त्यांच्याकडच्या लग्नांत बायका पडद्यापलीकडे बसत आणि तिथे पुरुष कॅमेरावाला चालत नसे. आपा गेली की ढोलक निघे, डोक्यावरचे पदर खांद्यावर येत, साठीच्या आज्यासुद्धा दोन पावलं नाचून घेत. अडचण पुढे होती. शूटिंग कापून-जोडून त्याची सीडी करायला टेपा अकोल्याला द्याव्या लागत, आणि तिथे कम्प्युटरवर बसलेले सगळे पुरुष. ते कळल्यापासून बायका कॅमेरा दिसला की पदर पुन्हा ओढून घेऊ लागल्या होत्या.

म्हणून यंदा आपानं घरोघरी जाऊन शब्द दिला होता. मी कम्प्युटर घरीच आणते, टेप माझ्या उंबऱ्याबाहेर जाणार नाही, काम झालं की टेप नवरीच्या आईच्या हातात. त्या शब्दावर पाच घरांनी तिला लग्नं सांगितली होती. अब्बा फवारणीचे पंप दुरुस्त करायचे, पण दोन वर्षांत कपाशीची अशी दशा झाली होती की पंप दुरुस्तीला आणायलाच कुणी येत नव्हतं. घर आता आपाच्या कॅमेऱ्यावर चाललं होतं.

तीस हजारांत सगळं बसवायचं होतं. प्रोसेसर चांगलाच हवा, कारण तो मागाहून बदलणं परवडत नाही. मेमरी दोन जीबी, नाहीतर चित्र अडखळतं. कॅमेऱ्यातली टेप कम्प्युटरमध्ये उतरवून घेणारं कार्ड हवं. मॉनिटर मात्र कॅफेतून निघालेला जुना, जाडा चालेल. आणि हार्ड डिस्क दोन.

"दोन कायले?" रागिणीनं विचारलं.

"एकाच बाईले पोळ्या लाटाले लावल्या अन् तिच्याच कडेवर लेकरू देल्लं, तं काय होते? पोळी करपते अन् लेकरूबी रडते. एका डिस्कवर कम्प्युटरचं आपलं काम, दुसरीवर फक्त टेपा." आपानं यादीतल्या त्या ओळीखाली दोन रेघा ओढल्या. "अन् मशीन बिघडून बाहेर न्यावं लागलं, तं दुसरी डिस्क काढून कपाटात ठेवता येते. माझा शब्द तिच्यात राहणार हाये."

अकोल्याच्या खरेदीला आपा, आरजू, मोईज आणि रहीम चाचा गेले. रागिणीला मावशीनं कुरडयांच्या चिकाशी जुंपलं होतं, त्यामुळे तिला सगळं आरजूकडून कळलं. दुकानदार गोवर्धनभाऊ यादी पाहून हसला म्हणे. लग्नाच्या सीड्याच करायच्या तर दोन डिस्क कशाला, त्यापेक्षा दिव्यांचं कॅबिनेट घ्या, असं त्यानं तीनदा सांगितलं. मोईज तीनदा मान डोलवत होता. आपा हलली नाही. पण शेवटी गोवर्धनभाऊनं कॅबिनेटवर कागदी सील चिकटवलं. सील फाटलं की वॉरंटी गेली. मग डिस्क बाहेर काढायची कशी, असं आपा विचारत होती, तेवढ्यात चाचांनी सगळ्यांदेखत सांगून टाकलं, की गोवर्धनभाऊ घरचा माणूस आहे, त्याच्याशी काय वाद घालायचा.

घरी आल्यावर आपानं दुसऱ्या डिस्कला नाव दिलं, 'अमानत'. लोकांनी विश्वासानं सांभाळायला दिलेली ठेव.

पहिलं लग्न नाजियाचं. रागिणीही पडद्यापलीकडे गेली होती, आरजूबरोबर नाचलीही होती. सगळ्यात नवल आरजूच्या अम्मीचं. दोरीवर कपडे वाळत घालतानाही जिच्या डोक्यावरचा पदर ढळत नसे, त्या अम्मीनं ढोलक मांडीत घेतलं, मग ते बाजूला ठेवून नाजियाला ओढून उभं केलं आणि अशी फिरली की बायका टाळ्या वाजवतच राहिल्या.

टेपा निघाल्या आठ. एका तासाची टेप उतरायला एक तासच लागे, म्हणून मुलांनी पाळ्या लावल्या. आठही उतरल्या, जागा उरली, आणि आपानं टेपा नाजियाच्या अम्मीला परत दिल्या.

चौथ्या दिवशी बाळापूर तव्यासारखं तापलं. कम्प्युटर दर दहा मिनिटांनी बंद पडू लागला. आपा पातूरला शूटिंगला गेली होती. रहीम चाचा आले, त्यांनी मशीन पाहिलं, कुणाला न विचारता अख्खं कॅबिनेट ऑटोत घातलं आणि अकोल्याला पोचवलं. संध्याकाळी आपानं रिकामं टेबल पाहिलं. त्या दिवशी ती जेवली नाही.

तिसऱ्या दिवशी मशीन आलं. चालत होतं. दुसरी डिस्क मात्र कोरी होती. चाचा म्हणाले, व्हायरस होता, गोवर्धननं सगळं पुसून दिलं, आता चालतंय ना, मग झालं तर. पुसलं म्हणजे कुणी पाहिलं नसणार, या विचारानं आपाचा जीव उलट भांड्यात पडला. तिनं नाजियाच्या घरून टेपा पुन्हा मागून आणल्या आणि मुलांच्या पाळ्या पुन्हा लागल्या.

सहाव्या टेपेवर मशीन थांबलं. पडद्यावर पाटी आली, जागा संपली.

"मागच्या टायमाले तं आठही बसल्या होत्या," रागिणी म्हणाली. "वरून जागा उरली होती."

मोईजनं माउस ओढून घेतला. दुसरी डिस्क आधीच्या निम्मीच दाखवत होती. तो एकदम गंभीर झाला. "पाटी पुसली म्हणून लहान होते काय बे?"

त्यांनी आधी चाचांना सांगितलं. चाचा खो-खो हसले आणि तिघांना कुल्फीसाठी पैसे देऊ लागले. मग मुलांनी आपाला सांगितलं. आपा हसली नाही. तिनं त्या जाड्या मॉनिटरवरचा आकडा स्वतः वाचून पाहिला.

"म्हणजे माझी डिस्क पुसलीच नाही," ती म्हणाली. "बदलून घेतली. थे कुठंतरी जशीच्या तशी हाये."

गोवर्धनभाऊ रागिणीला ओळखत नव्हता, हे सगळ्यात आधी आरजूच्या ध्यानात आलं. बेबीमावशीला दुसऱ्याच दिवशी चष्मा आणायला अकोल्याला जायचं होतं. तिच्याबरोबर तिघं एसटीत चढली. आरजूच्या पिशवीत खरेदीचं बिल होतं, त्यावर दोन्ही डिस्कचे नंबर लिहिलेले. रागिणीच्या मुठीत आपाची ती यादी, नव्या कागदावर उतरवलेली. बेत तिघांचा, पण दुकानात एकटीनं जायचं होतं रागिणीला. मावशी चष्म्याच्या दुकानात शिरली, आरजू आणि मोईज समोरच्या रसवंतीत बसले आणि रागिणी रस्ता ओलांडून गेली.

गोवर्धनभाऊनं आधी तिला पाणी दिलं. उन्हातून आली म्हणून खुर्चीही दिली. तेच तिला पुढे पुष्कळ दिवस आठवत राहिलं. तो वाईट माणूस दिसत नव्हता. तिनं यादी पुढे केली. बाबांना लग्नाच्या सीड्या करायच्या आहेत, पण पैसे थोडे आहेत, दोन डिस्कवाला जुना असला तरी चालेल, असं पाठ केलेलं सगळं म्हणून टाकलं.

"तुये बाबा हुशार दिसते," तो म्हणाला. "असाच एक तयार हाये माह्याकडं. दोन डिस्का, कार्ड, सगळं. थांब, चालवूनच दाखवतो."

त्यानं कोपऱ्यातलं मशीन सुरू केलं. डिस्कच्या नावांत रागिणीला 'अमानत' दिसलं. सापडली! आणि पुढच्याच क्षणी गोवर्धनभाऊनं त्यावर टिचकी मारली आणि पडदाभर नाजिया हसली.

ढोलक वाजू लागलं. हातभर मेंदी, मोकळे केस, खांद्यावर घसरलेले पदर. दुकानात आणखी तीन गिऱ्हाइकं होती, तिघंही पुढे सरकली.

"हे पाय, एक झटका नाही," गोवर्धनभाऊ म्हणाला. "आठवडा झाला, सगळ्याइले हेच लावून दाखवतो. मशीनचा दम कळते."

"आवाज वाढव ना भाऊ," मागून कुणीतरी म्हणालं.

अम्मीनं ढोलक खाली ठेवलं. रागिणीला पुढचं पाठ होतं. आता अम्मी नाजियाला उठवणार, मग गिरकी, मग मागून आरजू येणार, आणि आरजूचा हात धरून रागिणी स्वतः. गोवर्धनभाऊ आपल्याला ओळखणार. पण तेवढ्याचंच भय नव्हतं. अम्मी फिरत होती आणि तीन परकी माणसं तिच्याकडे पाहून हसत होती. रागिणी उठली आणि पडद्यासमोर जाऊन उभी राहिली.

"भाऊ, मले पिच्चर कळत नाही," ती म्हणाली. "बंद करा. बाबा म्हणाले, दोन्ही डिस्कचे नंबर लिहून आण. वॉरंटी नंबरावर राहते म्हणे."

गोवर्धनभाऊला हसू आलं. एवढीशी पोरगी आणि काय एकेक विचारते! त्यानं मशीन बंद केलं, झाकण काढलं आणि दुकानाच्या छापील कागदावर दोन्ही नंबर लिहून सही-शिक्का मारून दिला.

रसवंतीत आरजूनं बिल आणि कागद शेजारी ठेवले. आकड्याला आकडा जुळत गेला, शेवटपर्यंत. मोईज बाकावर उभाच राहिला. डिस्क तिथे आहे, एवढंच रागिणीनं सांगितलं; पडद्यावर काय चाललं होतं, ते नाही.

मावशी चष्मा घेऊन आली, तिला सगळं सांगून चौघं मिळून दुकानात गेली. बेबीमावशीनं नवा चष्मा नाकावर नीट बसवला आणि भर गिऱ्हाइकांत, गोवर्धनभाऊच्याच अक्षरातला नंबर मोठ्यानं वाचला. मग बिलावरचा वाचला. "दादा, मले तं दोन्ही सारखेच दिसून राहिले," ती म्हणाली. "चष्मा बराबर हाये ना माह्या?"

गिऱ्हाइकं हसली. गोवर्धनभाऊ लाल झाला. कामावरच्या पोट्ट्यांनी घाईत अदलाबदल केली असेल, तो म्हणाला, आपलं तर लक्षच नव्हतं. मोईजनं पुन्हा-पुन्हा विचारलं, हे आणखी कुठे उतरवलं का? त्यावर गोवर्धनभाऊनं आपल्या मुलांच्या शपथा घेतल्या. पाच मिनिटांत डिस्क आरजूच्या पिशवीत होती. एसटीत मोईज सगळी हकीकत आवाज बदलून-बदलून सांगत होता, आरजू हसून-हसून रडत होती, आणि मावशी दर थोड्या वेळानं चष्मा पुसत होती.

घरी चाचांनी तिघांच्या पाठी थोपटल्या. पोट्टे नाहीत, पोलीस आहेत, म्हणाले. अब्बांनी जिलबी आणली. त्या गडबडीत आपानं रागिणीला आतल्या खोलीत बोलावलं आणि दार लोटलं.

"कोणी पायलं?"

रागिणीनं वाटेभर ठरवलं होतं, सांगायचं नाही. पण आपा तिच्याकडे अशी पाहत होती की खोटं बोलवेना. तीन माणसं होती, ती म्हणाली. अम्मी फिरायला लागली तेव्हा मी पडद्यासमोर जाऊन उभी राहिले, आणि गोवर्धनभाऊ आठवडाभर सगळ्यांना तेच लावून दाखवत होता. तेवढ्यात दार उघडलं. जिलबीची ताटली घेऊन चाचा उभे होते, त्यांनी ते ऐकलं होतं.

"कमाल केली पोरीनं," ते म्हणाले. "तिथं उभी राहून डोकं चालवलं!"

"चाचा, हे इथंच राहू द्या," आपा म्हणाली. "सकाळी मी नाजियाच्या घरी जाते. मीच सांगीन. दुसऱ्याच्या तोंडून नाही कळलं पायजे त्याइले."

चाचांनी मान डोलावली. पण पुतणीचा, मुलाचा आणि शेजारच्या पोरीचा एवढा पराक्रम पोटात ठेवणं त्यांना जमलं नाही. त्याच संध्याकाळी चौकातल्या टपरीवर त्यांनी सगळं सांगितलं, काही न लपवता. रागिणी पडद्यासमोर कशी उभी राहिली आणि पडद्यावर तेव्हा काय चाललं होतं, तेही. ऐकणारे वाहवा करत होते.

सकाळी आपा बुरखा चढवत होती तोच नाजियाची अम्मी दारात आली. ती ओरडली नाही.

"तू सांगतलं असतं तं मी आयकलं असतं, बेटी," ती म्हणाली. "मले हे टपरीवरून आलं." टेपा घेऊन ती निघून गेली.

दुपारपर्यंत बाकीच्या चारही घरांतून माणूस येऊन गेला. कुणी भांडलं नाही. एकानं तर जाता-जाता रागिणीच्या डोक्यावर हात ठेवून शाबास म्हटलं, अशी हुशार लेकरं हवीत म्हणाला, आणि आपल्याकडचं लग्न आता बिनकॅमेऱ्याचंच होईल असंही त्याच दमात सांगितलं. आपानं कम्प्युटरवर चादर घातली. पुढच्या आठवड्यातल्या मेंदीला आरजूची अम्मी गेली, पण भिंतीपाशी बसली, आणि कुणी ढोलक पुढे केलं तेव्हा हात दुखतो म्हणाली. आरजू रागिणीशी बोलत होती, पण आधीसारखं नाही.

सुट्टी संपली. रागिणीला एसटीत बसवायला मावशीबरोबर रहीम चाचाही आले. त्यांनी खिडकीतून तिच्या हातात बिस्किटांचे दोन पुडे दिले आणि कंडक्टरला हाक मारली.

"हेच थे पोरगी बरं का साहेब. अकोल्यात त्या दुकानवाल्याले हिनं कसं पकडलं, आयका."

"चाचा, नका ना सांगू," रागिणी म्हणाली. "तुमच्या पाया पडते."

"पाहा कशी लाजते," चाचा कौतुकानं म्हणाले, आणि त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली.