हसत घातलेलं गाऱ्हाणं

निलेशच्या विनोदाला जानकी कधी हसायची नाही. बाकी सगळं जग हसायचं.

"ह्या नदीत मगरी आहेत," मुंबईच्या पाहुण्यांना तो होडीतच सांगायचा, "पण घाबरू नका. बायकोला विचारल्याशिवाय खात नाहीत!" पाहुणे पोट धरून हसायचे. त्याची बायको जानकी मागे जेवणाचे डबे सांभाळत पाण्याकडे बघत राहायची.

दर रविवारची ही जंगलवाट. नावाडी बाबली होडीने पलीकडे सोडायचा, मग नदीकाठाने चालत देवराईतून फिरून पुन्हा होडीकडे. वाट इतकी पाठ, की निलेश पाहुण्यांकडे तोंड करून उलटा चालत माहिती द्यायचा. त्या दिवशी तो तसाच शेणात बसला. पाहुण्यांनी त्याचेही फोटो काढले.

देवराईत राखणदाराचा पाषाण. देऊळ नाही, शेंदूर नाही, नुसतं शेवाळ. इथे गावकरी गाऱ्हाणं घालतात. एकाने मागणं बोलायचं, बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, की मागणं पोचलं.

"ओ, हसान गाराणा घालू नकात," जानकी पुटपुटली.

पण पाहुण्यांतल्या रसिका मॅडमनी व्हिडिओसाठी मोबाईल धरला होता. निलेशने हात जोडून आवाज चढवला. "बा देवा म्हाराजा! ही मुंबयची माणसां ट्रॅफिकाक कंटाळली. हेंका हंयसरच तुझ्या रानात ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे खिदळत ओरडले.

त्यांच्यामागून, पाषाणाच्या पलीकडून, एक जाडा आवाज आला. "व्हय म्हाराजा."

"स्पीकर लावलाय का हो?" ओंकार नावाच्या पाहुण्याने विचारलं. निलेश नुसताच हसला.

नदी डाव्या हाताला धरून निघाले. थोड्या वेळाने समोर पाषाण.

"हा दुसरा का?"

"हो, जोडीचा," निलेशने ठोकून दिलं.

पुन्हा तोच पाषाण आला तेव्हा त्याने नकाशा बघायला मोबाईल मागितला. ओंकारच्या मोबाईलवर निळा ठिपका नदीच्या मधोमध उभा होता. पाण्याचा आवाज चारी बाजूंनी येत होता आणि पाणी कुठेच दिसत नव्हतं.

रसिका मॅडमनी बूट काढले आणि पाषाणापुढचा पाचोळा हाताने झाडायला लागल्या. ओंकार मुळावर टेकला, रोजच्या जागी टेकावं तसा.

"मॅडम, होडी वाट बघतेय," निलेश म्हणाला.

"कसली होडी?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

जानकीने निलेशचं मनगट धरलं. "तुमी ठेवलात, तुमीच सोडवा. आणि हसू नकात."

त्याला हसू येण्यासारखं काही उरलंच नव्हतं. तो गुडघ्यांवर बसला, कपाळ शेवाळाला टेकवलं.

"म्हाराजा, चुकी माझी. हेंका घराक जावंदे. बदल्यात तुका होया ता घे." त्याच्या मनात कोंबडा होता.

"व्हय म्हाराजा," एकटी जानकी म्हणाली.

"व्हय म्हाराजा," पाषाणामागून.

झाडांमधून पाणी चमकलं. बाबलीची होडीही दिसली. पाहुणे पळत सुटले, रसिका मॅडम बूट हातात घेऊन. त्यांच्यामागे जानकीही.

निलेश उठायला गेला. गुडघे जमिनीपासून सुटेनात.

"जानकी!" तो ओरडला.

तोंडातून जाड्या आवाजात निघालं, "व्हय म्हाराजा."

कुणी वळलं नाही.

पाषाणापाशी खिळलेल्या त्याला होडी सुटताना दिसली. पुढच्या टोकाला, पाहुण्यांकडे तोंड करून, पँटला शेण लागलेला निलेश उभा होता. "ह्या नदीत मगरी आहेत," तो सांगत होता.

आणि मागे, डब्यांपाशी, जानकी तोंडाला पदर लावून पोटभर हसत होती.