फुलाबाईचा राहिलेला फोटो

भोरला लाईट गेली की अन्वरचाचा टपरीचा स्टो बंद करत्यात आन् पोरं आपोआप सरकून बसत्यात. भूतबीत काय नसतं म्हणणारा इंद्रजित सगळ्यात आदी चाचांच्या मांडीला चिकटतो.

त्या रात्री चाचा म्हणाले, ही ऐकीव न्हाई, माझ्या सख्ख्या भाच्याची हकीगत हाय. खोटी वाटली तर उत्रोलीला जाऊन बघून या.

सन दोन हजार सात. नऊ डिसेंबर, रविवार, आन् वर अमावस्या. दोन वर्सं झाली बघा.

चाचांचा भाचा शाकिर. बाजारात एका गाळ्याचं दुकान, त्यात एक कॉम्प्युटर, एक स्कॅनर, एक खोकणारा प्रिंटर. पत्रिका छापायच्या, फोटो मोठं करून द्यायचं. तेवढ्यात त्याला मोठं काम लागलं. पानशेतला आनंदरावांनी धरणाकाठी हाटेल काढलं, त्याची वेबसाईट. सोमवारी सकाळी नऊला पुण्याचे पाहुणे ती बघणार. शाकिरच्या बापानं सांगून ठेवलेलं, हे काम हुकलं तर गाळ्याला कुलूप, आन् तू वरव्याच्या कारखान्यात रात्रपाळीला.

आनंदरावांची एक हौस. साईटच्या माथ्यावर गावाकडची आजी पायजे, भाकरी थापणारी वाटली पायजे.

आता आजी आणायची कुठनं?

त्याच आठवड्यात उत्रोलीचा गेनू आलेला. त्याची आई फुलाबाई वारलेली. हातात तिकिटाएवढा काळा-पांढरा फोटो. म्हणाला, "शाकिरभाय, आयेचा ह्यो एकच फोटू हाय. तेराव्याला हार घालायचाय, मोठा करून द्या."

शाकिर म्हणाला, उद्या ये. गेनू दोनदा चालत आला, दोनदा त्याला उद्या मिळाला. शाईचं निमित्त पण नव्हतं. रंगीत शाई दिवाळीतच संपलेली, पण काळी होती, आन् फोटो काळाच. नुसता आळस. तेरावा सोमवारी. सकाळी सातला गेनू येणार.

आन् ह्या दिवट्यानं काय केलं? स्कॅन केलेली फुलाबाई उचलली आन् हाटेलाच्या साईटवर बसवली. खाली लिहिलं, आजीच्या हातची गरम भाकरी. हसला पण, म्हणाला, फुकटात मॉडेल गावली.

रात्री अकराला लाईट आली. शटर आतनं ओढून शाकिर बसला. साईटची थीम, म्हंजे तिचा सगळा पेहराव, रंग, फोटो, एका फोल्डरात तयार. पुण्याच्या दोस्तानं त्याला एक टूल दिलेलं. एक बटन दाबायचं, फोल्डरातलं सगळं ते आपलं आपण लांबच्या सर्व्हरवर चढवतं. तिथं चढलं की साईट दुनियेला दिसती.

बटन दाबलं. पडद्यावर ओळी पळाल्या. झालं.

साईट उघडली. माथ्यावर फुलाबाई, बरोबर. पण खाली धरणाचा फोटो होता, तिथं पण फुलाबाई.

शाकिरला वाटलं, आपणच घोळ घातला. फोल्डर तपासला. धरण धरणाच्या जागी. परत बटन दाबलं.

आता खोल्यांच्या जागी फुलाबाई. झोपाळ्याच्या जागी फुलाबाई. चौदा फोटो, चौदा फुलाबाया.

आन् मघाशी ती समोर बघत होती. आता तिची नजर बाजूला. चौदाही ठिकाणी एकाच बाजूला.

शाकिरनं मान वळवून बघितलं. त्या कोपऱ्यात प्रिंटर होता.

त्यानं घाईघाईनं तिचा फोटो फोल्डरातनं काढून टाकला. पार पुसला. बटन दाबायला हात नेला...

बटन त्यानं दाबलंच न्हाई. ओळी पळायला लागल्या.

इंटरनेटची वायर उपटली. ओळी पळतच होत्या.

दोन वाजून चाळीस मिनिटं. लाईट गेली. अख्खा बाजार काळा. पडदा काळा. पंखा थांबला...

आन् कोपऱ्यात प्रिंटर खोकला.

कागद ओढल्याचा आवाज. मग शाई. हळू. लई हळू. घर्र... घर्र...

शाकिर भिंतीला पाठ लावून उभा. शटर चार पावलांवर. चार पावलं टाकता येईनात.

मग आवाज थांबला.

...

चाचांनी इथं बिडी पेटवली. पोरांतलं कुणी हललं न्हाई. इंद्रजितनं चाचांचा शर्ट धरलेला, ते कुणी बघितलं न्हाई असं त्याला वाटतंय.

सातला शटर वाजलं. बाहेर गेनू, हातात झेंडूचा हार. तेव्हा कुठं शाकिरचे पाय हलले. ट्रेमध्ये फोटो पडलेला. फुलाबाई, मोठी, स्वच्छ. फक्त अंगावरचं लुगडं हिरवं आलेलं, आन् कपाळ लालभडक. शाकिरला वाटलं, शाईचा काय तरी चावटपणा. चौकटीत घातला आन् गेनूच्या हातात दिला.

गेनू बघत राहिला. लई वेळ.

"शाकिरभाय... त्या फोटूत तर आयेच्या अंगावर साधं पातळ होतं."

गेनूनं लुगड्यावर बोट ठेवलं.

"ह्ये हिरवं लुगडं नवं आनलेलं. आमी तिला नेसवलं... उचलायच्या आदी."

गेनू चौकट छातीशी धरून निघून गेला.

नऊला पाहुण्यांनी साईट उघडली. पांढरी फट्ट. एक अक्षर न्हाई. महिन्यात गाळ्याला कुलूप लागलं, आन् शाकिर वरव्याला रात्रपाळीला लागला. फोटो काढतो म्हणलं तरी उठून जातो.

इंद्रजितनं बारीक आवाजात इचारलं, फोटो हाय का अजून?

चाचा म्हणाले, हाय की. गेनूच्या सोप्यात, दाराच्या वर. प्रिंटरचा रंग एका उन्हाळ्यात उडतो. दोन उन्हाळे झाले. लाल उडालं, काळं उडालं, तोंड सुदीक धड दिसत न्हाई.

लुगडं तेवढं हिरवंगार हाय. हात लावला तर बोटाला ओल लागती.