अयुथ्येच्या गाडीतली भाकरी

त्या शनिवारी सोलापुरात ज्ञानदाच्या वडिलांनी, आप्पांनी, कुंड्यांना पाणी घातलं, चहात साखर कमी पडली म्हणून कुरकुर केली आणि देवपूजेला बसले. हे सारं ज्ञानदाला आईने मागाहून सांगितलं. ती स्वतः तेव्हा बँकॉकहून अयुथ्येला निघालेल्या पॅसेंजरमध्ये होती. बँकॉकच्या शाळेत गणित शिकवायला लागून तिला वर्ष होत आलं होतं. दोन दिवस सुट्टी होती, एक जुनं शहर पाहावं, एवढाच बेत.

उघड्या खिडकीतून चिखलाचा, ओल्या गवताचा वास येत होता... आणि मागच्या बाकावरून आवाज आला — कट्!

शेजारची थाई आजी दचकली आणि बाक मोडला की काय ते पाहू लागली. ज्ञानदाला मात्र हसू आलं. गुडघ्यावर कडक भाकरी मोडल्याचा आवाज तिने झोपेतही ओळखला असता.

"कोरडीच खाणार? दही नाही?" तिने वळून मराठीत विचारलं.

मागच्या बाकावरच्या तरुणाचा घास हातातच राहिला. "सोलापूर?"

"विजापूर रोड."

"मी मोहोळचा! घ्या की. आईनं पंधरा बांधून दिल्यात. विमानतळावर विचारलं, ह्ये काय? म्हटलं, आमच्याकडचं बिस्किट हाय, जरा मोठं हाय."

त्याचं नाव ईश्वर. बँकॉकच्याच दुसऱ्या शाळेत तो संगणक शिकवत होता. आडनाव सांगून तो क्षणभर थांबला — पुढे कुठला प्रश्न येतो याची वाट पाहायची त्याला सवय असावी.

"शेंगाचटणी आहे का?" तिने विचारलं.

तो असा काही मोकळा हसला, की तिला खिडकीबाहेर पाहावं लागलं.

"काय बघताय एवढं?"

"भातशेती."

"गाडी मगापासून उभी आहे, मॅडम. तोच भात आहे."

तेवढ्यात आप्पांचा फोन आला. पूजा आटोपली की दर शनिवारी ते फोन करत.

"पोचलीस का गं? आणि हे कोण हसतंय?"

आप्पा प्रेमळ होते. पण ते गाव विचारणार, मग आडनाव विचारणार, आणि मग लांबलचक गप्प होणार... ते गप्प होणं तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

"कुणी नाही, आप्पा. गाडीतली माणसं."

फोन ठेवल्यावर ईश्वर हळूच म्हणाला, "गाडीतल्या माणसानं भाकरी परत मागितली तर?"

ती हसली, पण मनात काहीतरी खुपलं.

दिवसभर दोघं भाड्याच्या सायकलींवर हिंडले. ती पुढे, आणि मागून त्याचं ओरडणं — "हळू की, मॅडम! देवळं कुठं पळून चालली नाहीत!" पडक्या विटांच्या सावलीत तिने तळहातावर चटणी घेतली, तिखटाने डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याने न बोलता पाण्याची बाटली उघडून पुढे धरली. इतकंच. पण आजचा दिवस संपू नये, असं तिला फार वर्षांनी वाटलं.

रविवारी पहाटे आईचा फोन आला. आप्पा झोपेतच गेले होते.

तिकीट काढून देण्यापासून बॅग विमानतळावर नेण्यापर्यंत सारं ईश्वरने केलं. ती मात्र नंतर बँकॉकला परत गेली नाही. त्याच्या एकाही मेसेजला तिने उत्तर दिलं नाही. आप्पांशी ती शेवटचं बोलली ते खोटं होतं, आणि ते त्याच्याबद्दल होतं. त्याचं नाव दिसलं की तिला स्वतःचाच आवाज ऐकू येई.

एप्रिलच्या भाजत्या दुपारी, विजापूर रोडवर पत्ता विचारत विचारत, तो तिच्या दारात उभा राहिला. घामाने शर्ट चिकटलेला.

"सुट्टीला मोहोळला आलोय," तो म्हणाला. "एकदा नाही म्हणा, पुन्हा येणार नाही. पण असं गप्प राहू नका... गप्प राहणारे लोक मी लई पाहिलेत."

आपणही आप्पांसारखेच गप्प झालो होतो, हे ज्ञानदाला आत्ता कळलं.

आई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. "अगं, उन्हातनं आलेल्या माणसाला दारात काय उभं करतेस?"

ज्ञानदाने ईश्वरच्या हातातली पिशवी घेतली. बोलली ती आईशी, पण पाहत होती त्याच्याकडे.

"आई, आप्पांचा शेवटचा फोन आला तेव्हा हा माझ्यासोबत होता. मी घाबरून लपवलं... मला हा आवडतो."