जी इच्छा असेल ती

ही गोष्ट घडलेली आहे. माझ्या थोरल्या जाऊबाई, राजश्रीताई, यांच्या वॉटफर्डच्या घरी, मागच्या वर्षी सर्वपित्रीच्या दुपारी तिची सुरुवात झाली. तिच्यात आणखी एक देश येतो, त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

ताई दरवर्षी सर्वपित्रीला पान वाढून मागच्या बागेतल्या शेडच्या छपरावर ठेवतात. वडे, खीर, भात. इंग्लंडचे कावळे आता सरावलेत.

त्या दिवशी कुंपणापलीकडे शेजारीण सेल्माही ताट घेऊन उभी होती.

सेल्माच्या देशात यादवी झाली. तिच्या दोन्ही मुलांना सैनिकांनी पिठाच्या गिरणीत कोंडलं, बाहेरून दार लावलं आणि गिरणी पेटवून दिली. तो हुकूम देणारा सेनापती युद्ध जिंकला. आता तो राष्ट्राध्यक्ष होता.

"तुझं पाहून मीही ठेवलं," सेल्मा म्हणाली. "पण माझ्या ताटाला एकही पक्षी शिवत नाही, राजश्री."

ताईंना सासऱ्यांचं दहावं आठवलं. नाशिकला घाटावर ऊन डोक्यावर आलं तरी कावळा पिंडाला शिवेना. शेवटी ताईंचे यजमान सुभाषभाऊजी वडिलांना हात जोडून म्हणाले, "दादा, आईला मी सांभाळीन." तेव्हा कुठे कावळा झेपावला होता.

"अगं, पोरांची काहीतरी इच्छा राहिलीय," ताई म्हणाल्या. "ती पुरी करू, असं सांगायचं असतं."

"कसली इच्छा?"

ते ताईंना काय माहीत! त्यांनी सेल्माच्या ताटासमोर हात जोडले आणि मराठीतच म्हटलं, "बाळांनो, तुमची जी इच्छा असेल ती पुरी होईल. माझा शब्द आहे."

सगळी बाग चिडीचूप झाली...

मग कावळे आले. इतके, की कुंपण काळं झालं. ताट लख्ख झालं.

सेल्मा ढसाढसा रडली. ताईंना बरं वाटलं.

संध्याकाळी नात अन्वी कामावरून आली. केंब्रिजच्या एका सभागृहात ती कार्यक्रमांची व्यवस्था बघते.

"आजी, यू वोन्ट बिलीव्ह! फ्रायडेला एक प्रेसिडेंट येतोय. पीसवर टॉक! आणि स्टेजचा दार मी सांभाळणार."

"कुठला गं प्रेसिडेंट?"

अन्वीने सेल्माच्या देशाचं नाव घेतलं.

आणि मागच्या दारावर टकटक झाली...

ताईंनी दार उघडलं. कोणीही नव्हतं.

पायरीवर पांढरी पावलं होती. अनवाणी. पिठाची.

आत येणारी.

सकाळी अन्वीच्या काळ्या कोटावर, पाठीवर, पिठाचे दोन पंजे उमटले होते. मागून कोणी पुढे ढकलावं तसे.

"आजी, चपात्या करून माझ्या कोटला हात पुसलास ना?"

"कालपासून मी पिठाला हात लावलेला नाही, अन्वी. शुक्रवारी जाऊ नकोस."

"चिल, आजी. माझी जॉब आहे ती!"

आपण काय बोलून बसलो, ते ताईंना तेव्हा कळलं. शब्द त्यांचा होता. पण तो पोरीच्या हातून पुरा करून घेतला जाणार होता.

त्या तशाच सेल्माकडे गेल्या. "तुझ्या पोरांना थांबव."

सेल्मा शांतपणे चहा ढवळत राहिली.

"मी आई आहे त्यांची. मी कशाला थांबवू?"

शुक्रवारी अन्वी गेलीच. ताई बागेत जाऊन रिकाम्या छपरासमोर ताठ उभ्या राहिल्या.

"शब्द मी दिलाय, तो फिरवत नाही. त्या माणसाची कीव मलाही येत नाही. पण माझ्या पोरीला आत न्यायचं नाही. ऐकताय ना?"

पान हललं नाही.

मग लांबून घरघर ऐकू आली... गिरणीची. वॉटफर्डमध्ये!

आणि एकाएकी थांबली.

संध्याकाळी पोलिसांनी अन्वीला घरी आणून सोडलं. घडलं ते तिने ताईंना सांगितलं.

ती स्टेजकडे निघाली होती, तेवढ्यात दार तिच्या तोंडावर आपोआप मिटलं. कुलूप नव्हतं. सिक्युरिटीची धिप्पाड माणसं ओढून दमली. आतून लोकांचं खोकणं ऐकू येत होतं. काहीतरी जळत असल्यासारखा वास येत होता.

मग गोळीचा आवाज.

मग दार आपोआप उघडलं.

राष्ट्राध्यक्ष खाली पडला होता. गोळी त्याच्याच अंगरक्षकाने झाडली होती. सगळ्या युद्धात सावलीसारखा त्याच्या मागे राहिलेला माणूस. तो एवढंच म्हणत होता, "मी नाही... माझा हात धरला होता."

त्याच्या मनगटावर पांढरी बोटं उमटली होती.

रात्री सेल्मा कुंपणाशी आली. "जेवले," म्हणाली, आणि हसली. ते हसू ताईंना अजून विसरता येत नाही.

मला वाटलं, संपलं.

यंदाच्या सर्वपित्रीला ताईंनी पुन्हा पान ठेवलं. नेहमीचे कावळे फिरकलेच नाहीत.

एकच आला.

त्याने भाताकडे बघितलंसुद्धा नाही. पायरीवर बसून तो ताईंकडे बघत राहिला. "तुझी काय इच्छा आहे?" हे शब्द ताईंच्या ओठांपर्यंत आले... आणि त्यांनी तोंडावर पदर दाबला.

मेलेल्या त्या राष्ट्राध्यक्षाचीही इच्छा असेलच की. आणि शब्द कोणी दिला होता, हे आता त्याला माहीत असणार.

काल ताईंचा फोन आला होता. बोलता बोलता मला मागे टकटक ऐकू आली.

"कोण आलंय, ताई?"



"तोच," त्या म्हणाल्या. "अजून शिवलेला नाही गं."