बिनमिठाचं भरीत

माझी आणि प्रेमराजची पहिली भेट झाली, ती मी त्याच्या हातातला डबा हिसकावून घेतला तेव्हा.

जानेवारीतली दुपार. उबदार ऊन वॉर्डाच्या खिडकीतून पलंगांवर उतरलं होतं. मी औषधांची ट्रॉली ढकलत अभिमन आबांपाशी पोचले आणि बघते तर काय — निळ्या स्वेटरमधला एक उंच माणूस आबांना चमच्याने वांग्याचं भरीत भरवतोय! आबांचं हृदय पार थकलेलं. पायांवर सूज, चार शब्द बोलले की धाप. मीठ पूर्ण बंद. आणि हा...

"अहो! कोण तुम्ही? मारायचंय का त्यांना?"

"नाही," तो शांतपणे म्हणाला. "जेवायला घालायचंय."

मी डबाच ओढला. "यात किती मीठ असतं, कळतं का?"

"यात अजिबात नाही. लिंबू पिळलंय, लसूण जरा जास्त घातलाय. चाखून बघा ना, सिस्टर."

रागाच्या भरात मी चांगला मोठा घास घेतला. मीठ खरंच नव्हतं. आणि भरीत... सांगायलाही लाज वाटते, पण फक्कड झालं होतं.

"ओ माय," आबा धापा टाकत हसले, "बठ्ठं तूच खाई लेशी का?" सगळं मीच संपवणार, अशी त्यांना भीती!

त्यांच्या उशाशी बसलेल्या त्यांच्या बायकोने, झुंबरबाईंनी, तोंडाला पदर लावला. इतक्या दिवसांत ती बाई पहिल्यांदा हसत होती. रागाला कारण उरलं नाही की मला जास्तच राग येतो. "बाहेरचं खाणं वॉर्डात चालत नाही," असं ठणकावून मी ट्रॉली पुढे ढकलली. तो मात्र मागून म्हणाला, "पुनम सिस्टर, नाव छान आहे तुमचं." छातीवरची पाटी वाचली होती मेल्याने!

दुसऱ्या दिवशी कळलं, हा आबांचा कुणी नातेवाईक नव्हे. धुळ्याहून आलेला ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स. ज्यांचं हृदय आता बरं होणार नाही, अशा रुग्णांची शेवटपर्यंत काळजी कशी घ्यायची, हे जळगावच्या आमच्या खासगी दवाखान्यातल्या नर्सेसना शिकवायला आलेला. दर गुरुवारी, वरच्या हॉलमध्ये.

पहिल्याच वर्गात तो खुर्चीवर रुग्ण होऊन बसला आणि नेमकं मलाच पुढे बोलावलं.

"सिस्टर, मी बरा होईन ना?"

"होणार की! काही काळजी करू नका."

त्याने मान वर केली. "हे तुम्ही कुणासाठी बोललात? माझ्यासाठी, की स्वतःसाठी?"

माझं डोकंच फिरलं. "मग काय सांगू? तुमचं आयुष्य संपत आलंय म्हणून सांगू? आम्हाला बोलायची परवानगी आहे कुठे? मागे नशिराबादच्या तानुबाई आयसीयूत होत्या. मुलाला बोलवा, मुलाला बोलवा म्हणत गेल्या. मुलगा दाराबाहेरच बाकावर बसलेला! भेटायची वेळ संपली होती म्हणून त्याला आत सोडलं नाही. मी हात जोडले सगळ्यांपुढे. 'सिस्टर, इंजेक्शन द्या, भाषण नको.' हे उत्तर मिळालं मला. आणि तुम्ही धुळ्याहून येऊन मला विचारता, कुणासाठी बोललात?"

वाटलं, आता हा मला गोड शब्दांत समजावणार. पण तो उठला आणि म्हणाला, "बसा तुम्ही. मी दोन तास बोललो असतो तरी हे असं सांगता आलं नसतं."

त्यानंतर त्याने खूप काही शिकवलं. धाप लागली की उशा लावून बसतं करायचं, चेहऱ्यावर हातपंख्याचा वारा घालायचा. मॉर्फिनच्या अगदी थोड्या डोसाने गुदमरणं कमी होतं, ते डॉक्टरांकडे मागायला कचरायचं नाही. रुग्णाला स्वतःबद्दल काय ठाऊक आहे ते आधी विचारायचं... आणि मग गप्प बसायचं. हे शेवटचं मला काही केल्या जमेना.

वर्ग सुटला की आम्ही दवाखान्यासमोरच्या टपरीवर चहा घ्यायचो. म्हणजे मी घ्यायचे, तो येऊन उभा राहायचा.

"पुनम सिस्टर, बोलताना तुम्ही श्वास कधी घेता?"

"तुम्ही बोलायचं थांबलात की."

"मग थांबतो."

आणि खरंच थांबला. चहाच्या ग्लासावरून नुसता बघत राहिला. आल्याचा वास, ग्लासातून उठणारी वाफ, आणि वाफेपलीकडचे ते डोळे...

"असं बघू नका."

"शिकवतोय. रुग्णाच्या नजरेला नजर द्यायची असते."

"मी रुग्ण नाही."

"मी झालोय वाटतं."

"असले डायलॉग धुळ्यात चालतात का?" मी ग्लास आपटला. "जळगावात मार पडतो!"

तो हसला. मीही हसले असते, पण तसं दाखवायचं नव्हतं.

त्याच आठवड्यात मी आबांपाशी बसले आणि शिकवल्याप्रमाणे विचारलं, "आबा, तुम्हाला तुमच्या दुखण्याबद्दल काय वाटतं?" आणि गप्प बसले. जीभ दाताखाली धरून गप्प बसले. बराच वेळ आबा छताकडे बघत होते.

"माले बठ्ठं माहीत शे, पोरी. आते मशीन नको. माले घर जानं शे."

झुंबरबाईंनी त्यांचा हात घट्ट धरला. रडल्या नाहीत. कुणीतरी एकदाचं विचारलं, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

आणि दोनच दिवसांनी राउंडवर आबांची धाप पाहून मोठे सर म्हणाले, "आयसीयूत हलवा. वेळ पडली तर व्हेंटिलेटर."

"सर, आबांना ते नकोय," मी म्हणाले. "त्यांना घरी जायचंय."

सगळे माझ्याकडे वळले. सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "सिस्टर, तुम्ही डॉक्टर कधी झालात?"

गुरुवार होता. प्रेमराज तिथेच उभा होता, माझ्यापासून हातभर अंतरावर. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने नजर खाली वळवली. एक शब्द नाही!

मी तरातरा बाहेर पडले. जिन्यात त्याने मला गाठलं.

"पुनम, ऐका ना..."

"काय ऐकू? तू गप्प का बसलास?" 'तुम्ही' कधीच गळून पडलं होतं. "आम्हाला शिकवतोस बोलायला! आणि बोलायची वेळ आली तर जमिनीकडे बघतोस?"

"सर चिडले तर वर्ग बंद होईल. इतक्या नर्सेस शिकतायत..."

"काय शिकतायत? घाबरायला? ते आम्हाला आधीपासून येतं, प्रेमराज! त्यासाठी धुळ्याहून माणूस कशाला हवा?"

त्याचा चेहरा पडला. मग तो वळला आणि पायऱ्या चढून परत वॉर्डात गेला. मी मागोमाग धावले.

"सर," तो म्हणत होता, "एकदा आबांनाच विचारा. मी हात जोडतो."

सर वैतागून पलंगाच्या कडेला बसले. मी आबांच्या पाठीला उशा लावल्या, पंखा हलवत राहिले. शब्दागणिक थांबत आबांनी सांगितलं, "साहेब, तुम्ही मन्हासाठी खूप करं. आते माले सोडा. ओट्यावर बसनं शे."

सरांनी चष्मा काढला. बोलले तेव्हा आवाजात जरब नव्हती. "मी प्रयत्न सोडला, असं वाटेल मला."

"औषधं सुरूच राहतील, सर," मी म्हणाले. "धाप लागू नये म्हणून. घरी जाऊन आम्ही बघू."

संध्याकाळी सरांच्याच सहीने आबा पारोळ्याजवळच्या आपल्या गावी गेले. आणि पुढच्या गुरुवारी हॉलला कुलूप! राउंडवर वाद घातल्याची कुणीतरी केलेली तक्रार वरपर्यंत गेली होती, व्यवस्थापनाने वर्ग बंद केला. मी मेट्रनच्या केबिनमध्ये जाऊन इतकी भांडले की बाहेर माणसं जमली. उपयोग शून्य.

पण रविवार आमच्या हातात होते. मी जळगावहून यायचे, तो धुळ्याहून. आबा ओट्यावर उशांना टेकून बसायचे, येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारायचे. मी पायांची सूज बघायचे, तो औषधं बघायचा. झुंबरबाईंना आम्ही वारा कसा घालायचा ते दाखवलं, आणि धाप वाढली तर कोणतं औषध किती द्यायचं तेही. हरभरा काढणीला आला त्या दिवसांत एका सकाळी आबा गेले. घरात, बायकोच्या आणि मुलाच्या हातात हात असताना.

दहाव्याला आम्ही दोघं गेलो. परतताना फाट्यावर उभे होतो. ऊन तापलं होतं, हायवेवर धूळ उडत होती. मला सगळ्या जगाचा राग आलेला. आबांसारखं घरी जाणं किती जणांच्या नशिबात येतं?

"धुळ्याला नवीन वर्ग सुरू होतोय," तो म्हणाला. "शिकवायला मी तुमचं नाव दिलंय. म्हणजे... तुझं."

"मला न विचारता?"

"आता विचारतोय. येशील?"

"शिकवायला?"

"शिकवायला... आणि..."

"आणि काय?"

त्याचे कान लाल झाले. तो रस्त्याकडे बघायला लागला.

"याचाच राग येतो मला! हॉलभर बायकांना अवघड प्रश्न विचारायला शिकवतोस, आणि स्वतःचा एक विचारता येत नाही?"

"लग्न करशील माझ्याशी?" तो घाईघाईने म्हणाला. "रोज चिडलीस तरी चालेल."

"चालेल? उपकार करतोयस?"

"नाही गं... तू चिडतेस तेव्हा मी जरा बरा माणूस होतो."

तेवढ्यात जळगावची एसटी येऊन थांबली. कंडक्टर दारातून ओरडला, "जळगाव, जळगाव! मॅडम, येताय का?"

"नाही!" मी खेकसले. "बोलतोय आम्ही, दिसत नाही का?"

गाडी धूळ उडवत निघून गेली. मी प्रेमराजकडे वळले आणि त्याच चढ्या आवाजात म्हणाले, "हो!"

तो गोंधळून गाडीच्या दिशेने बघू लागला. त्याला वाटलं, मी अजून कंडक्टरलाच बोलतेय. मग मला ते पुन्हा सांगावं लागलं... या वेळी हळू, फक्त त्याला ऐकू जाईल असं.